मधली वाट : ट्रंक बोर्डापासून डेटा सेंटरपर्यंत

१९८९ साली मी दूरसंचार खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रंक बोर्डावर माझी नेमणूक होती. कानाला हेडसेट, समोर जॅकच्या रांगा, हातात कॉर्ड आणि बाजूला ट्रंक कॉलच्या तिकिटांचा गठ्ठा. लोक 'मुंबई लावा', 'पुणे लावा' म्हणून नंबर नोंदवायचे आणि वाट पाहत बसायचे. कधी अर्धा तास, कधी सहा तास.

पावसाळ्यातल्या एका रात्री साडेदहाच्या सुमारास एक गृहस्थ भिजत काउंटरवर आले. वडील अत्यवस्थ होते आणि धाकटा भाऊ मुंबईला, परळला. शेजाऱ्यांचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून आणला होता. ऑर्डिनरी आणि अर्जंट यांच्या वरचा, सगळ्यांत महाग असा लाइटनिंग कॉल त्यांनी नोंदवला. आमच्याकडून सांगलीला सहा लाइनी होत्या. पावसाने त्यांतल्या दोन गेलेल्या, उरलेल्या चारांवर बोलणी चालू. तासाभराने सांगली मिळाली, तर तिकडची ऑपरेटर म्हणाली, "मुंबईची लाइन नाही, लाइटनिंगचीच रांग लागलीय. थांबा." कॉल लागला तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. परळच्या शेजाऱ्यांनी दुसऱ्याच घंटीला फोन उचलला. त्यांच्या घरी आजारपण असल्याने ते रात्रभर जागेच होते. भाऊ निघाला, पण पोचला तेव्हा सारे आटोपले होते.

त्या रात्री मला एक गोष्ट बोचली आणि ती नंतर कधी सुटली नाही. इकडचा फोन मोकळा होता, तिकडचाही मोकळा होता. फक्त मधली वाट मोकळी नव्हती. या प्रकाराला तंत्रज्ञांच्या भाषेत 'ब्लॉकिंग' म्हणतात आणि तो कसा टाळायचा याचे गणित मी जन्मायच्याही आधी मांडले गेले होते, हे मला तीस वर्षांनी कळले. ते कळले डेटा सेंटरमुळे.

२०२० साली मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझा भाचा नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्क इंजिनिअर आहे. ऐरोली-महापे पट्ट्यात, जिथे पूर्वी केमिकलचे आणि इंजिनिअरिंगचे कारखाने होते, तिथे आता खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबई परिसरातच आहे. मला आत जाऊन पाहायचे होते. "मावशी, आत नाही नेता येणार तुला. चल, बाहेर चहा घेऊ," म्हणाला. टपरीवर त्याने एका बिलाच्या पाठीवर चित्र काढले. वर चार चौकोन, खाली आठ. खालच्या प्रत्येक चौकोनापासून वरच्या प्रत्येक चौकोनापर्यंत एक रेघ. खालच्यांमध्ये आपसांत रेघ नाही, वरच्यांमध्येही नाही. "याला स्पाइन-लीफ म्हणतात. वरचे स्पाइन, खालचे लीफ. आमचं सगळं यावर चालतं."

"अरे, हे चित्र मी पाहिलंय," मी म्हणाले.

"कुठे पाहणार तू? हे गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं आहे, मावशी."

घरी येऊन मी माळ्यावरची ट्रंक काढली. आमच्या एका टेक्निशियन सहकाऱ्याने बदलीच्या वेळी क्रॉसबार एक्सचेंजच्या सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स माझ्याकडे ठेवल्या होत्या. त्यात तसलेच चित्र होते, फक्त आडवे. त्यानंतरची पाच वर्षे मी या दोन चित्रांमधला रस्ता शोधत आहे. या विषयातली पदवी माझ्याकडे नाही. जे समजले ते मूळ लेख शब्दकोश घेऊन वाचून, भाच्याला छळून आणि कागदावर पुन्हा पुन्हा रेघा मारून समजले. म्हणून येथेही ते तसेच, पायरी पायरीने सांगते.

अडण्याचे गणित

टेलिफोनच्या लाइनी किती असाव्यात, हा प्रश्न आधी डेन्मार्कच्या एका गणितज्ञाने घेतला. ॲग्नर क्रारूप एर्लांग हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करीत. सगळे लोक एकाच वेळी बोलत नाहीत, पण कधी ना कधी बरेच जण एकदम फोन उचलतात. तेव्हा अमुक इतक्या लाइनी असतील, तर किती लोकांना लाइन मिळणार नाही? याचे सूत्र त्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केले. टेलिफोनची वर्दळ मोजण्याच्या एककाला आजही त्यांचेच नाव आहे. थोडक्यात, काही लोकांना थांबावे लागणारच हे गृहीत धरून, किती जणांना थांबवणे परवडेल ते ठरवायचे, असा तो हिशोब आहे.

दुसरा प्रश्न एक्सचेंजच्या आतला. १०० येणाऱ्या लाइनींपैकी कोणतीही, १०० जाणाऱ्यांपैकी कोणत्याही लाइनीशी जोडता आली पाहिजे. सरळ उपाय म्हणजे आडव्या १०० आणि उभ्या १०० पट्ट्यांची जाळी करायची आणि जिथे पट्ट्या छेदतात तिथे एकेक संपर्कबिंदू बसवायचा. म्हणजे १०,००० संपर्कबिंदू. यात कुणी अडत नाही. पण लाइनी दहापट झाल्या की बिंदू शंभरपट होतात. १०,००० लाइनींना १० कोटी बिंदू लागतील. प्रत्येक बिंदू म्हणजे खरोखरचा धातूचा संपर्क. तो बसवायचा, पुसायचा, बिघडला तर शोधायचा. एवढे कुणालाच शक्य नव्हते.

अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये चार्ल्स क्लॉस नावाचे संशोधक होते. मार्च १९५३ मध्ये बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. त्यांनी विचारले, एकही कॉल न अडता हे बिंदू कमी करता येतील का? त्यांचे उत्तर असे. एकच मोठी जाळी करू नका. तीन टप्पे करा. पहिल्या टप्प्यात येणाऱ्या लाइनींचे लहान स्विच, तिसऱ्यात जाणाऱ्या लाइनींचे लहान स्विच आणि मध्ये आणखी काही स्विच. पहिल्या टप्प्यातला प्रत्येक स्विच मधल्या प्रत्येक स्विचला जोडा आणि मधला प्रत्येक स्विच तिसऱ्या टप्प्यातल्या प्रत्येकाला.

आता मधले स्विच किती लागतील? हा लेखाचा गाभा आहे आणि तो समजायला शाळेतले गणित पुरते. समजा, पहिल्या टप्प्यातल्या एका स्विचवर दहा लाइनी आहेत. मी त्यातली दहावी. बाकी नऊ जण आधीच बोलत आहेत आणि त्यांनी मधले नऊ स्विच अडवले आहेत. मला ज्याच्याशी बोलायचे तो तिकडच्या ज्या स्विचवर आहे, तिथेही दहा लाइनी आहेत आणि त्याचेही नऊ शेजारी बोलत आहेत. माझे नशीब अगदीच वाईट असेल, तर त्या नऊ जणांनी मधले वेगळेच नऊ स्विच अडवलेले असतील. नऊ आणि नऊ अठरा. म्हणून मध्ये एकोणीस स्विच असतील, तर कितीही वाईट वेळ आली तरी एक वाट माझ्यासाठी उरतेच.

यात बिंदू किती लागले? पहिल्या टप्प्यात दहा स्विच, प्रत्येकी १० गुणिले १९, म्हणजे १,९००. मध्ये एकोणीस स्विच, प्रत्येकी १० गुणिले १०, म्हणजे १,९००. तिसऱ्यात पुन्हा १,९००. एकूण ५,७००. आधी १०,००० लागत होते. १०,००० लाइनींसाठी १० कोटींऐवजी ५९ लाख ७० हजार बिंदू पुरतात. मात्र लहान एक्सचेंजला याचा उपयोग नाही. २५ लाइनींना ६२५ बिंदूंच्या जागी उलट ६७५ लागतात. ३६ लाइनींपासून पुढे थोडा थोडा फायदा सुरू होतो आणि लाइनी वाढतील तसा तो झपाट्याने वाढतो. हा लेख मी पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन वाचला आणि हे उत्तर हाती आले, तेव्हा दुपारची रात्र झालेली मला कळली नव्हती.

झाडासारखे जाळे

आता डेटा सेंटरकडे येते. डेटा सेंटर म्हणजे उंच लोखंडी कपाटांच्या, रॅकच्या रांगा. एकेका रॅकमध्ये वीस, तीस, चाळीस सर्व्हर. प्रत्येक रॅकच्या डोक्यावर एक स्विच, ज्याला त्या रॅकमधले सारे सर्व्हर जोडलेले. प्रश्न आहे तो हे रॅकचे स्विच एकमेकांना कसे जोडायचे.

२००० सालाच्या आगेमागे याचे उत्तर झाडासारखे होते. रॅकचे स्विच वरच्या काही मोठ्या स्विचना जोडायचे आणि ते शेंड्यावरच्या दोन फार मोठ्या व फार महाग स्विचना. आपल्या गाव-तालुका-जिल्हा व्यवस्थेसारखे. ओढ्यापलीकडचे गाव दिसत असते, पण ते दुसऱ्या तालुक्यात असेल तर कागद आधी आपल्या तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग त्यांच्या तालुक्याला आणि मग त्या गावात.

या झाडाला एक विचित्र अट होती. इथरनेट नावाची जी पद्धत या स्विचमध्ये चालते, तिच्या पाकिटावर 'किती टप्पे झाले' हे मोजणारा आकडा नसतो. जाळ्यात कुठे वर्तुळ तयार झाले, तर सर्वांसाठी पाठवलेले पाकीट त्यात फिरतच राहते, प्रत्येक फेरीत त्याच्या नकला होतात आणि काही क्षणांत सारे जाळे तुंबते. भाच्याने पाहिलेल्या एका ऑफिसात सफाई करताना लोंबकळणारी केबल कुणीतरी नीट दिसावी म्हणून मोकळ्या पोर्टमध्ये खोचली. तिचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये होते. पाच मिनिटांत मजल्यावरचे सगळे संगणक ठप्प.

यावर १९८५ साली रेडिया पर्लमन या अमेरिकन संशोधिकेने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना उपाय काढला. स्विचनी आपसांत बोलून जाळ्यातून एक झाड निवडायचे आणि वर्तुळ करणाऱ्या जास्तीच्या केबली बंद ठेवायच्या. एखादी चालू केबल तुटली, तरच बंदातली उघडायची. या 'स्पॅनिंग ट्री' पद्धतीने जगभरची जाळी कित्येक वर्षे सांभाळली. पण तिचा अर्थ असाही होता की, पैसे खर्चून टाकलेल्या केबलींपैकी बऱ्याचशा नुसत्या पडून राहणार.

जोवर बहुतेक वर्दळ बाहेरून आत आणि आतून बाहेर अशी होती, तोवर हे चालून गेले. पुढे ते चालेना. आज आपण मोबाइलवर एखादे पान उघडतो, तेव्हा बाहेरून एकच विनंती आत जाते. पण तिचे उत्तर जुळवताना आतले अनेक सर्व्हर एकमेकांना विचारत सुटतात. खाते कोणाचे, शिल्लक किती, माल आहे का, जाहिरात कोणती. गूगलने २००४ साली मॅपरिड्यूस ही पद्धत जाहीर केली. तिच्यात एक मोठे काम शेकडो यंत्रांत वाटले जाते आणि मधल्या टप्प्यावर ती यंत्रे आपापला माल एकमेकांना पाठवतात. इंजिनिअर मंडळी बाहेरच्या वर्दळीला उत्तर-दक्षिण म्हणतात आणि या आतल्या वर्दळीला पूर्व-पश्चिम. झाडाची रचना उत्तर-दक्षिणेसाठी होती. पूर्व-पश्चिम वाढली आणि शेंड्यावरचे दोन स्विच आमच्या सांगलीच्या लाइनींसारखे झाले. ते आणखी मोठे घ्यावेत, तर किंमत अवाच्या सवा आणि एका मर्यादेपुढे तसे स्विच बनतच नव्हते.

घडी घातलेला कागद

इथे क्लॉस परत आले. मधल्या काळात १९८५ मध्ये चार्ल्स लायसरसन यांनी महासंगणकांसाठी याच घराण्यातली, शेंड्याकडे जाड होत जाणाऱ्या झाडाची कल्पना मांडली होती. गूगलने २००५ पासून आपल्या डेटा सेंटरमध्ये साध्या, बाजारात मिळणाऱ्या चिप घेऊन क्लॉसच्या धर्तीची जाळी बांधायला सुरुवात केली. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या अल-फारेस, लुकिसास आणि वाहदत या तिघांनी हिशोब करून दाखवला की, ४८ पोर्टांचे एकसारखे साधे स्विच तीन थरांत नीट जोडले, तर २७,६४८ सर्व्हरना पूर्ण वेगाने एकमेकांशी बोलता येते. एकही महागडा स्विच लागत नाही, २,८८० साधे लागतात. फेसबुकने २०१४ मध्ये आयोवातल्या अल्टूना येथील डेटा सेंटरची रचना जाहीर केली, तीही याच जातीची. गूगलच्या २०१२ च्या ज्युपिटर जाळ्याची क्षमता सेकंदाला १.३ पेटाबिटपर्यंत गेली होती. एक लाख सर्व्हर प्रत्येकी १० गिगाबिटने बोलले तरी पुरेल, एवढी.

क्लॉसच्या आडव्या चित्राचे स्पाइन-लीफ कसे होते, ते एका कागदावर करून पाहता येईल. डावीकडे येणाऱ्या लाइनींचे स्विच, मध्ये मधले, उजवीकडे जाणाऱ्यांचे. टेलिफोनमध्ये डावे आणि उजवे वेगळे धरले होते. डेटा सेंटरमध्ये तोच सर्व्हर बोलतो आणि ऐकतोही आणि प्रत्येक केबलीतून दोन्ही दिशांना वाहतूक होते. म्हणून कागदाची मधोमध घडी घाला. उजवी बाजू डाव्या बाजूवर बसते. घडीवर राहिलेले मधले स्विच म्हणजे स्पाइन आणि एकमेकांवर बसलेले बाहेरचे म्हणजे लीफ. कागद उभा धरला की भाच्याने बिलावर काढलेले चित्र तयार.

स्पाइन म्हणजे कणा, लीफ म्हणजे पान. मी ते पुस्तकाच्या बांधणीवरून लक्षात ठेवते. तुमच्या हातातल्या अंकाचे प्रत्येक पान कण्याला शिवलेले आहे, पान पानाला शिवलेले नाही. फरक एवढाच की, पुस्तकाला एक कणा असतो आणि येथे चार, आठ किंवा सोळा.

एक साधा नमुना घेऊ. लीफ स्विचला खाली ४८ पोर्ट आहेत, प्रत्येक २५ गिगाबिटचा. वर ८ पोर्ट, प्रत्येक १०० गिगाबिटचा. वरचा एकेक पोर्ट एकेका स्पाइनला जातो, म्हणजे स्पाइन आठ. स्पाइनला ३२ पोर्ट असतील, तर लीफ ३२ जोडता येतील. सर्व्हर झाले ३२ गुणिले ४८, म्हणजे १,५३६. केबली ३२ गुणिले ८, म्हणजे २५६.

यातून तीन गोष्टी मिळतात. पहिली, एका रॅकमधून दुसऱ्या कोणत्याही रॅकमध्ये जायला सारखेच अंतर पडते : लीफ, स्पाइन, लीफ. शेजारचा रॅक जवळ आणि टोकाचा लांब असे राहत नाही, त्यामुळे कोणते काम कोणत्या सर्व्हरवर ठेवायचे ही डोकेदुखी कमी होते. दुसरी, एक स्पाइन बंद पडला तर क्षमतेचा आठवा हिस्सा जातो, वाट बंद होत नाही. जुन्या झाडात शेंड्यावरच्या दोनांतला एक गेला की अर्धी क्षमता जाई. तिसरी, वाढ दोन दिशांना स्वतंत्रपणे होते. सर्व्हर वाढवायचे तर लीफ वाढवा, मधली वाट रुंद करायची तर स्पाइन वाढवा.

तोटेही सांगितले पाहिजेत. केबली पुष्कळ लागतात आणि प्रत्येक नवा स्पाइन म्हणजे प्रत्येक लीफपासून एक नवी केबल. स्पाइनचे पोर्ट संपले की वाढ थांबते, मग स्पाइनच्या वर आणखी एक थर चढवावा लागतो. क्लॉसच्या लेखातही तीनऐवजी पाच आणि सात टप्प्यांची गणिते आहेत. आणि रॅक पाच-सहाच असतील, तर हा सगळा थाट कशाला? २५ लाइनींच्या एक्सचेंजची गोष्ट येथेही लागू आहे.

पाकिटांची वाटणी

इथवर मला वाटत होते की, १९५३ चे गणित जसेच्या तसे उचलले गेले. ती माझी चूक होती आणि ती भाच्याने दाखवली. "मावशी, तुझ्या बोर्डावर कॉर्ड लावलीस की ती वाट त्या दोघांचीच. आमच्याकडे वाट कुणाचीच नसते."

टेलिफोनच्या एका कॉलसाठी वाट राखून ठेवलेली असते. डेटा सेंटरमध्ये माहिती लहान लहान पाकिटांत जाते आणि एकाच केबलीतून हजारो जणांची पाकिटे एकामागून एक धावतात. म्हणून येथे कॉल 'लागला नाही' असे होत नाही. पाकीट रांगेत थांबते आणि रांग फार वाढली तर टाकून दिले जाते. मग ते पुन्हा पाठवायचे.

आठ स्पाइनपैकी कोणती वाट घ्यायची, हे कोण ठरवते? बोर्डावर मी ठरवत असे. येथे लीफ स्विच पाच गोष्टी पाहतो : पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोघांचे पोर्ट क्रमांक आणि कोणत्या नियमाने बोलणे चालले आहे तो नियम. या पाचांना एका सूत्रात घालून जो आकडा येतो, त्यावरून वाट पक्की होते. त्यामुळे एका संभाषणाची सगळी पाकिटे एकाच वाटेने जातात आणि त्यांचा क्रम बिघडत नाही. क्रम बिघडला तर घेणाऱ्याला मधली पाकिटे हरवली असे वाटते आणि वेग विनाकारण पडतो. संभाषणे हजारो आणि लहान असतील तर ही वाटणी सारखी होते. संभाषणे थोडी आणि अवजड असतील तर होत नाही. चार वाटा आहेत आणि चार अवजड संभाषणे आहेत असे धरा. चारही वेगवेगळ्या वाटांवर जाण्याचे प्रकार २४, एकूण प्रकार २५६. म्हणजे शंभरातल्या नऊ-दहा वेळाच नीट वाटणी होईल. बाकीच्या वेळी दोन हत्ती एका पुलावर आणि शेजारचा पूल रिकामा.

वर्तुळाच्या अडचणीचे काय? जाळ्यात इतक्या वाटा म्हणजे वर्तुळे आलीच. त्यासाठी लीफ आणि स्पाइन यांच्यामध्ये इथरनेटची जुनी पद्धत न वापरता, इंटरनेटवर वापरतात ती पत्त्याने वाट शोधण्याची पद्धत वापरतात. तिच्या पाकिटावर टप्प्यांचा आकडा असतो. तो प्रत्येक टप्प्याला एकने कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट संपते. त्यामुळे सगळ्या केबली एकाच वेळी वापरता येतात. कोणती वाट कुठे जाते, हे स्विच एकमेकांना बीजीपी नावाच्या नियमाने सांगतात. हा नियम १९८९ चा, देशोदेशीच्या मोठ्या जाळ्यांसाठी केलेला. मी बोर्डावर बसले त्याच वर्षीचा. तो एका इमारतीच्या आत कसा वापरावा, याची रीतसर पत्रिका २०१६ साली निघाली.

दीडास एक

आता ज्या आकड्यासाठी मी हे सारे लिहायला घेतले, त्याकडे येते. वरच्या नमुन्यातल्या लीफ स्विचला खालून ४८ गुणिले २५, म्हणजे १,२०० गिगाबिट येऊ शकतात. वर जायला ८ गुणिले १००, म्हणजे ८०० आहेत. बाराशेला आठशे. दीडास एक. खाली ४८ पोर्ट १० गिगाबिटचे आणि वर ४ पोर्ट ४० गिगाबिटचे असतील, तर ४८० ला १६०, तिनास एक. याला 'ओव्हरसबस्क्रिप्शन' म्हणतात. मधली वाट मुद्दाम किती अरुंद ठेवली आहे, त्याचे हे माप.

यात लबाडी नाही. सगळे सर्व्हर एकाच क्षणी पूर्ण वेगाने बाहेर बोलत नाहीत, म्हणून तिनास एक पुष्कळ कामांना पुरते. एर्लांग यांनीही हेच गृहीत धरले होते. पण हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. स्पाइन-लीफ रचनेने गर्दी नाहीशी होते असे पुष्कळदा ऐकू येते, ते खरे नाही. रचनेने एवढेच होते की, गर्दी कुठे होईल आणि किती होईल हे आधी ठरवता येते आणि ते ठरवणारे कुणीतरी असते. मधल्या वाटेला किती पैसे घालायचे, हा निर्णय कागदावर दोन आकड्यांत मांडलेला असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी प्रारूपे जिथे घडवतात, त्या दालनांत हा आकडा साधारणपणे एकास एक ठेवतात. तिथे हजारो प्रोसेसर एका लयीत काम करतात. प्रत्येक पायरीअखेर सगळे आपले उत्तर एकमेकांना देतात आणि सर्वांची उत्तरे आल्याशिवाय पुढची पायरी सुरू होत नाही. एकाचे पाकीट रांगेत अडकले, तर बाकी सारे महागडे प्रोसेसर त्याच्यासाठी हात बांधून उभे. अशा ठिकाणी मधली वाट पूर्ण रुंद ठेवणे परवडते, किंबहुना न ठेवणे परवडत नाही. हे वाचताना मला आमची तिकिटे आठवली. लाइटनिंग, अर्जंट, ऑर्डिनरी. दर वेगळे होते, पण ते भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेले असत आणि रांगेतल्या माणसाला आपण कोणत्या रांगेत आहोत हे ठाऊक असे.

आरसे

ही गोष्ट येथे संपत नाही. २०२२ साली गूगलच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात, ज्युपिटर जाळ्यातला स्पाइनचा थर त्यांनी काढून टाकल्याचे सांगितले आहे. स्विचचे गट आता प्रकाशाच्या तारांनी एकमेकांना थेट जोडलेले असतात आणि मध्ये असतात बारीक, हलवता येणारे आरसे. आरशाचा कोन बदलला की एका तारेतला प्रकाश दुसऱ्या तारेत जातो. ज्या दोन गटांत वर्दळ जास्त, त्यांच्यामध्ये जास्त वाटा वळवायच्या. पाकीट उघडून पत्ता वाचणे नाही. दोन टोके थेट जोडायची, काम झाले की सोडवायची.

हे भाच्याला वाचून दाखवले, तर तो म्हणाला, "म्हणजे तुझा बोर्डच की गं हा, मावशी!" मला हसू आले, पण त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. दोन टोकांमध्ये वाट राखून देणे हेच आमचे काम होते. आमच्या हातात कॉर्ड होती, यांच्याकडे आरसा आहे.

मग त्याने विचारले, "त्या रात्री समज तुला हे सगळं माहीत असतं, तर काय केलं असतंस?"

मी विचार करून सांगितले की, काहीच करता आले नसते. क्लॉसचे एकोणीस माझ्या बोर्डावर नव्हते. तिथे सहा लाइनी होत्या, त्यातल्या दोन पावसात गेलेल्या आणि सहा पुरेत हे आमच्या गावात कधीच ठरले नव्हते. ते कुठल्याशा कार्यालयात, कुठल्याशा वर्षीच्या कॉलच्या सरासरीवरून ठरले होते. पण एक झाले असते. ते गृहस्थ पहाटेपर्यंत बाकावर बसून दर थोड्या वेळाने "अजून नाही?" म्हणून विचारत होते आणि मी प्रत्येक वेळी "लाइन बिझी आहे" एवढेच सांगत होते. परळचा फोनच बिझी असावा, असे त्यांना वाटत राहिले. तिकडे सगळे बोलत बसलेत, असे ते एकदा रागाने म्हणालेही. तुमच्या भावाकडचा फोन मोकळा असेल, अडलेय ते सांगली आणि मुंबईच्या मध्ये, हे मला त्यांना सांगता आले असते. सांगलीहून आणखी लाइनी मागणारा अर्ज कुणाच्या नावे करायचा, हेही कदाचित सांगता आले असते.

आज बँकेच्या खिडकीवर 'नेटवर्क नाही' म्हणतात, किंवा परीक्षेच्या निकालाचे पान नुसते गोल फिरत राहते, तेव्हा मी भाच्याला फोन करते. नेमके कुठे अडले, ते त्यालाही बाहेरून सांगता येत नाही. पण आम्ही दोघे कागदावर रेघा काढतो आणि अडण्याच्या जागा मोजतो. परवा त्याने नव्या दालनाचा नमुना काढून दाखवला. मी आधी खालचे पोर्ट मोजले, मग वरचे आणि विचारले, "हे तिनास एक कुणी ठरवलं?"

"विचारून सांगतो," म्हणाला.